लांब पंजाची अ‍ॅक्शन

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. आमच्याकडे बिस्किटांचे पुडे बांधणारी यंत्रं बनतात आणि त्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज मी काढतो. पूर्वी बोर्डावर पेन्सिलीने काढायचो, आता कॉम्प्युटरवर. या कामात मी बरा आहे असं लोक म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी ही एकच गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच मी लपवली.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी शेटनी कॉम्प्युटर घरी न्यायला सांगितलं. मुलुंडच्या आमच्या घरात बेडरूमच्या खिडकीशी मी तो मांडला. काम मात्र जवळजवळ नव्हतंच. एका दुपारी कुठल्याशा मशीनच्या झाकणाला कुलुपासारखी रचना हवी होती म्हणून इंटरनेटवर शोधत होतो, तर समोर एका जुन्या रायफलीच्या बोल्टचं ड्रॉइंग आलं. मी ते उघडलं आणि संध्याकाळपर्यंत त्यातून उठलो नाही.

रायफलीची नळी आणि लाकडी दस्ता सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. पण दोघांच्या मध्ये जो पोलादी भाग असतो तो खरं काम करतो. काडतूस आत घ्यायचं, दार घट्ट लावायचं, बार उडवायचा आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकायची. त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. परदेशात काही हौशी लोक शिकारीची रायफल तयार विकत न घेता कारागिराकडून बनवून घेतात, आणि तेव्हा पहिला प्रश्न असतो की अ‍ॅक्शन कुठली निवडायची.

मला जी आवडली ती शंभरेक वर्षांपूर्वीची रचना. बोल्टच्या, म्हणजे हाताने पुढेमागे सरकवायच्या दांड्याच्या, अंगाला पोलादाची लांब चपटी पट्टी आणि तिच्या टोकाला नखासारखा वळलेला पंजा. काडतूस खालच्या मॅगझिनमधून, काडतुसांच्या पेटीतून, वर येतानाच त्याच्या बुडाची कड या पंजात सरकते, आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत पंजा तिला सोडत नाही. नंतरच्या रचनांत बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो आणि अगदी शेवटी एक छोटा आकडा त्याला पकडतो. ते बनवायला सोपं. पण मला तो लांब पंजाच भावला. तीन दिवस बसून मी त्याचं ड्रॉइंग नव्याने काढलं. कोणी मागितलं नव्हतं.

मग मला अशा लोकांची एक वेबसाइट सापडली. जगभरचे शिकारी, कारागीर, हौशी माणसं तिथे एकमेकांना प्रश्न विचारायची. मी ‘रानवाट’ असं नाव घेऊन आत शिरलो. पहिले काही दिवस जे लिहिलं ते ड्राफ्ट्समन म्हणूनच लिहिलं. पंजाच्या वळणाचा कोन किती असावा, पट्टीला ताण कुठे येतो, असं. माझ्या उत्तरांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. खाली दुसरा कोणीतरी ‘मी तीस वर्षं शिकार करतोय’ एवढ्यावर सुरुवात करायचा आणि सगळे त्याच्यामागे.

तेव्हा एका सकाळी मीही तसंच लिहिलं. सह्याद्रीच्या कोकणबाजूला मी आजोबांच्या रायफलीने पिकं खाणारी रानडुकरं मारत आलोय, सरकारी परवान्याने, आणि माझा पंजा मला कधी दगा देत नाही, असं. त्या दिवशी मला अकरा उत्तरं आली.

आजोबांकडे वेंगुर्ल्याजवळच्या गावी बंदूक होती, हे खरं. शेतराखणीच्या परवान्याची, ठासणीची. भातात डुकरं उतरली की ते दारू ठासायचे आणि हवेत बार काढायचे. त्यांनी जन्मात एक डुक्कर मारलं नाही. ‘तेंका भिती वाटली म्हणजे झाला,’ म्हणायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तो बार एकदा जवळून ऐकला आणि गोठ्यात जाऊन गुरांच्या मागे बसलो. आईने ओढून बाहेर काढलं. मी आयुष्यात रायफल हातातसुद्धा धरलेली नाही.

डॉक्टर भेटले ते याच वेबसाइटवर. त्यांनी प्रश्न टाकला होता: वय अडुसष्ट, कॅनडातल्या छोट्या गावात राहतो, दर शरद ऋतूत मूस मारायला जातो, आता मनासारखी रायफल बनवून घ्यायची आहे, तर अ‍ॅक्शन कुठली घ्यावी. मूस म्हणजे तिकडचं सांबर म्हणा, पण घोड्याहून उंच. मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात ड्रॉइंगमधलं सगळं ज्ञान होतं आणि मध्ये मध्ये माझी डुकरं होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा खाजगी निरोप आला, मराठीत. ‘रानवाट म्हणजे तुम्ही मराठी आहात का? मी मूळचा घाटकोपरचा.’

मग फोन सुरू झाले. आमच्याकडे सकाळचे सात, त्यांच्याकडे संध्याकाळ. मी मोबाइल घेऊन गच्चीवर जायचो आणि पाण्याच्या टाकीला टेकून बोलायचो. चाळीस वर्षं तिकडे राहूनही त्यांचं मराठी घाटकोपरच्या पंतनगरातल्या मैदानावरचं राहिलं होतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही, घाटकोपरला एक बहीण. शेजाऱ्याबरोबर शिकारीला जायचे आणि ते मांस हिवाळाभर दोघं खायचे. उगाच मारत नाही, असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं.

‘ही माझी शेवटची रायफल,’ ते म्हणाले. ‘त्यामुळे घाई नाही. नीट निवडू या.’

‘निवडू या’ हा शब्द मला फार आवडला. माझ्या घरात, गाळ्यात, कुठेच कोणी माझ्याबरोबर काही निवडत नव्हतं. शेट निवडायचे आणि मी काढायचो.

तीन महिने आम्ही अ‍ॅक्शनबद्दल बोललो. जुनी लष्करी रायफल सोडवून तिची अ‍ॅक्शन घ्यायची की नव्याने घडवलेली. लांब काडतूस घेणारी की आखूड. थंडीत तेल घट्ट होतं तेव्हा कुठली न अडकता चालते. मी रात्री वाचायचो आणि सकाळी अनुभव म्हणून सांगायचो. त्यांना मी पंजाचं माझं ड्रॉइंगही पाठवलं. ‘मस्त काढलंय. कोणी काढलं?’ त्यांनी विचारलं. एक मित्र आहे ड्राफ्ट्समन, असं मी सांगितलं.

बायको विचारायची, ‘रोज सकाळी कोणाशी बोलता?’

‘कॅनडाचे एक डॉक्टर आहेत. त्यांना एक मशीन बनवायचंय.’

‘मग पैसे देणार का?’

‘नाही गं, असंच.’

ती हसून कुकर लावायला जायची.

डॉक्टरांना माझ्या शिकारीच्या गोष्टी ऐकायच्या असत. एकट्या माणसाला संध्याकाळी कोणाचं तरी ऐकावंसं वाटतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी सांगत गेलो. सांगता सांगता मी एक कुत्राही तयार केला. काळा, एक कान फाटलेला. डॉक्टर दर फोनला त्याची चौकशी करायला लागले. मला ते जड व्हायला लागलं, कारण काय काय सांगितलं ते लक्षात राहीना. म्हणून एका सकाळी मी सांगून टाकलं की डुकराने त्याला फाडला. मग ते म्हणाले, ‘आज रायफलीचं नको बोलायला.’

दुसऱ्या दिवशी ठरलेला फोन नव्हता, तरी त्यांनी केला. ‘बरं वाटतंय का रे तुला?’ तोपर्यंत ते मला तुम्ही म्हणायचे. त्या दिवसापासून तू म्हणायला लागले. त्यांनी माझा पत्ता मागून घेतला आणि दीड महिन्याने पार्सल आलं. लोकरीचे जाड हातमोजे, पहाटे जंगलात घालायला. मुलुंडमध्ये मे महिन्यात मी ते कपाटात मागे ढकलले.

शेवटी त्यांनी लांब पंजाची अ‍ॅक्शन घ्यायचं नक्की केलं, माझ्या सांगण्यावरून. काम सुरू झालं आणि एक दिवस त्यांचा फोन आला.

‘आमचा कारागीर म्हणतोय, पंजाच्या नखाला समोरून थोडा उतार घासून देतो. म्हणजे सुटं काडतूस हाताने आत ठेवलं तरी पंजा त्याच्या कडेवरून उडी मारून पकडेल. तू काय म्हणतोस?’

मला हे ठाऊकच नव्हतं. ड्रॉइंगमध्ये काडतूस नेहमी खालून, मॅगझिनमधून येत होतं. कोणी वरून हाताने ठेवेल, असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ‘बघून सांगतो’ एवढं म्हणायला काय जात होतं. पण शिकारी माणूस बघून कसा सांगणार?

‘हात लावू देऊ नका,’ मी म्हणालो. ‘शंभर वर्षं चाललेल्या रचनेला घासायचं कशाला? मी माझ्या रायफलीत असलं कधी केलं नाही.’

‘माझी बोटं आखडतात रे. मॅगझिनमध्ये दाबून भरायला दर वेळी जमत नाही. मी एकेकच टाकतो.’

‘सवय होईल.’

‘बरं. तू म्हणतोस तर नको.’

त्यांनी कारागिराला नाही सांगितलं. तो म्हणाला, मग मॅगझिनमधूनच भरा. पण डॉक्टरांच्या लेखी माझा शब्द त्याच्यापेक्षा मोठा होता, कारण तो दुकानात बसणारा आणि मी रानात फिरणारा.

फेब्रुवारीत मला कळलं. कोणा कारागिराने लिहिलेलं एक जुनं पान वाचत होतो. त्यात साफ लिहिलं होतं की या पंजाला उतार नसेल तर सुटं काडतूस वरून ठेवून बोल्ट रेटू नये. पंजाचं नख काडतुसाच्या कडेवर आपटतं आणि तसं वारंवार केलं तर एक दिवस तुटतं. मी माझं ड्रॉइंग उघडलं आणि माप लावून पाहिलं. बरोबर होतं. नखाला पुढून जागाच नव्हती. ड्राफ्ट्समन म्हणून मला ते पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. शिकाऱ्याचं सोंग घेताना मी ड्रॉइंगकडे नीट पाहणंही सोडलं होतं.

त्या सकाळी मी गच्चीवर गेलो तो सांगायचं ठरवूनच. डॉक्टर दस्त्याच्या लाकडाबद्दल बोलत होते. अक्रोडाचं लाकूड, त्यावर उमटलेली नक्षी. खूश होते. मी मनात म्हटलं, पुढच्या फोनला सांगू. पुढच्या फोनला म्हटलं, रायफल हातात आल्यावर सांगू. मग एक महिना मी सबबी काढून फोनच कमी केले.

ऑगस्टमध्ये त्यांनी चांदमारीच्या मैदानावरून मला फोन केला. मागे बार ऐकू येत होते आणि मी फोन कानापासून लांब धरला होता.

‘झकास झालीय रे,’ ते म्हणाले. ‘फक्त एक विचारायचं होतं. एकेक टाकतो तेव्हा बोल्ट शेवटी जरा अडतो. जोर दिला की बसतो. असं तुझ्याकडे होतं का?’

मी टाकीला टेकून उभा होतो. खाली सोसायटीच्या फाटकाशी दूधवाला वॉचमनशी भांडत होता. मला चार शब्द बोलायचे होते. असं करू नका, तुटेल. त्यानंतर ते विचारणार होते की मग तू तेव्हा नको का म्हणालास. त्याचं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. डुकरं, आजोबा, तो कुत्रा.

‘नवीन आहे,’ मी म्हणालो. ‘वापरून रुळेल.’

‘मलाही तेच वाटलं.’

या लेखात मी पुष्कळ काही कबूल करतोय. पण मला झोप येत नाही ती या दोन वाक्यांमुळे. आधीचं सगळं बढाईत गेलं असं म्हणता येईल. त्या सकाळी मात्र मला माहीत होतं, समोरचा माणूस सरळ विचारत होता, आणि मी स्वतःला वाचवलं.

ऑक्टोबरात ते शिकारीला गेले. पंधरा दिवस फोन नाही. मग एका सकाळी आला. आवाज बसलेला.

‘घोळ झाला रे माझ्या हातून,’ ते म्हणाले.

नर मूस होता. पहिली गोळी मागच्या मांडीत बसली, ती त्यांचीच चूक, असं ते म्हणाले. मॅगझिनमधल्या उरलेल्या दोन घाईत चुकल्या. जनावर तीन पायांवर उभं होतं, शंभर पावलांवर. त्यांनी खिशातून सुटं काडतूस काढून आत ठेवलं आणि बोल्ट रेटला. अडला. जोर दिला. काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज आला आणि बोल्ट ना पुढे जाईना ना मागे येईना. पंजाचं नख तुटून आत अडकलं होतं. शेजारी लांब होता. जनावर त्यांच्याकडे बघत होतं. मग वळून झाडीत गेलं. डॉक्टर त्याच्या रक्ताच्या मागावर अंधार पडेपर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याला ते एका डबक्यापाशी सापडलं. अजून जिवंत होतं.

‘चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘माझंच चुकलं. जोर द्यायला नको होता. तू असतास तर तुझ्या हाताला लगेच कळलं असतं.’

‘तुमचं काही चुकलं नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य खरं होतं, आणि ते मी सांत्वनासारखं वापरलं.

जानेवारीत ते बहिणीकडे घाटकोपरला आले. मला त्यांनी आधीच कळवलं होतं. मी सांगितलं की त्या आठवड्यात मी गावी असेन, शेताचं काम आहे. ‘हरकत नाही,’ ते म्हणाले. ‘तुझ्यासाठी थोडं काही आणलंय ते वहिनींकडे देऊन जाईन.’ मी नको नको म्हणालो, पण पत्ता त्यांच्याकडे होताच.

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली आणि दार मीच उघडलं. उंच, किंचित वाकलेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला फोटोत पाहिलं होतं, त्यामुळे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

‘अरे, तू गावाला जाणार होतास ना?’

‘बेत रद्द झाला.’

त्यांना त्याचा आनंदच झाला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांची बोटं खरोखरच आखडलेली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. आत बायकोने घावणे करायला घेतले होते. ती पदराला हात पुसत आली.

‘तुम्हीच का ते कॅनडाचे डॉक्टर? या ना. घावणे चालतील?’

‘चालतील म्हणजे? चाळीस वर्षांत खाल्ले नाहीत.’

ते डायनिंग टेबलाशी बसले. मी समोर. बायको तव्यावरून एकेक घावण आणून वाढत होती आणि ते खोबऱ्याच्या चटणीबरोबर मन लावून खात होते. काहीतरी बोलून त्यांना खाली न्यावं असं मला वाटत होतं, पण गरम घावण ताटात असताना माणसाला उठवणार कसं?

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘तुमच्या ह्यांनी मला रायफल निवडून दिली, माहितीये का? मोठा शिकारी माणूस. मला वाटलं होतं घरात भिंतीला शिंगं असतील.’

बायकोला वाटलं ते गंमत करतायत. ती हसली.

‘कोण, हे? अहो डॉक्टर, दिवाळीत समोरच्या बिल्डिंगमध्ये बॉम्ब लागले की हे बाथरूममध्ये दार लावून बसतात. मी आणि मुलगी चिडवतो ह्यांना.’

डॉक्टरही हसले, पण अर्धंच. ‘गावाला डुकरं मारायला जातात ना?’

‘गावाला?’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘गावाला आम्ही सहा वर्षं गेलो नाही. तिथे आता आहे कोण?’

डॉक्टरांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, ‘आणि तो कुत्रा?’

बायको कालथा हातात घेऊन तशीच उभी. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं, काय ते कळलं नाही. ‘आमच्याकडे कधी कुत्रा नव्हता,’ ती हळूच म्हणाली, जणू तिचंच काही चुकलं. मग तव्यावरचं करपतंय म्हणून आत गेली.

डॉक्टरांनी ताटातलं संपवलं. टाकलं नाही. हात धुतले, बायकोला आत जाऊन ‘फार छान झाले होते’ असं सांगितलं, आणि मला म्हणाले, ‘खालपर्यंत येतोस?’

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. खाली स्कूटरच्या रांगेपाशी ते थांबले.

‘ते ड्रॉइंग कोणी काढलं होतं?’

‘मी. मी ड्राफ्ट्समन आहे. बिस्किटांची मशीनं.’

‘ऑगस्टमध्ये मी विचारलं, बोल्ट अडतोय म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?’

पुन्हा खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर मी नुसता बढाईखोर ठरलो असतो, एवढंच. त्यांना तपासायला काही मार्ग नव्हता.

‘हो,’ मी म्हणालो. ‘फेब्रुवारीपासून.’

त्यांनी मान हलवली, पेशंटचं ऐकताना हलवत असतील तशी. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘ड्राफ्ट्समन आहे असं सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं,’ ते म्हणाले. ‘उलट जास्त ऐकलं असतं. शिकारी तिकडे गल्लोगल्ली आहेत. असं ड्रॉइंग काढणारा मला एकही माहीत नाही.’

‘माफ करा, डॉक्टर.’

‘माझं सोड. कुत्र्याचं हसू येईल कधीतरी. पण ते जनावर रात्रभर तसं होतं.’

ते फाटकाबाहेर गेले, रिक्षा थांबवली आणि बसले. पिशवी त्यांच्याबरोबरच परत गेली. त्यात काय होतं ते मला कळलं नाही.

वर आलो तेव्हा बायको टेबल पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘मी बोलायला नको होतं का?’ मी म्हटलं, तू खरं तेच बोललीस. मग तिने विचारलं, ‘मलाही असं काही सांगितलंय का कधी?’ मी नाही म्हटलं. ते खरं होतं, तरी तिने माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. अजूनही कधी कधी पाहते. गाळ्यातून उशीर होईल असं फोनवर सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता असते. पूर्वी नसायची.

त्या आठवड्यात मी वेबसाइटवर जाऊन डॉक्टरांच्या मूळ प्रश्नाखाली लिहिलं. मी कधीही शिकार केलेली नाही, रायफल चालवलेली नाही. वर दिलेला माझा सल्ला चुकीचा आहे. ज्यांना हाताने एकेक काडतूस भरावं लागतं त्यांनी या पंजाला उतार घासून घ्यावा, नाहीतर तो तुटू शकतो. ते कसं होतं याचं ड्रॉइंगही जोडलं, मापांसकट. दोन दिवस लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. एकाने लिहिलं की तुझ्यासारख्यांमुळे माणसं मरतात. मी सगळं वाचलं. तिसऱ्या दिवशी वेबसाइट चालवणाऱ्यांनी माझं खातं बंद केलं. मजकूर आणि ड्रॉइंग मात्र त्यांनी ठेवलं. डॉक्टरांनी तिथे काही लिहिलं नाही. माझ्या माफीच्या निरोपालाही उत्तर आलं नाही. मी तो तीनदा पाठवला होता आणि तिसऱ्यांदा पाठवल्यावर लक्षात आलं की हेही मी माझ्याचसाठी करतोय. मग थांबलो.

गेल्या हिवाळ्यात घाटकोपर पूर्वेला एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलो होतो. परत येताना भाजीबाजारात डॉक्टर दिसले. बरोबर बहीण असावी, तेवढ्याच उंचीची. मी गर्दीआड होऊन निघून जाऊ शकलो असतो. थांबलो. तोवर त्यांनी मला पाहिलं होतं.

‘कसा आहेस?’ ते म्हणाले.

‘ठीक आहे. तुम्ही?’

‘गुडघा त्रास देतोय. बाकी बरं. ही माझी बहीण. हिचं परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी स्वतः भाजी निवडायचीय.’

बहिणीने काळा चष्मा सारखा करत नमस्कार केला. ‘हे कोण?’ तिने त्यांना विचारलं.

त्यांनी क्षणभर विचार केला.

‘मुलुंडला राहतात. ड्राफ्ट्समन आहेत.’

मी किती वेळा मनात तयारी केली होती, भेटले तर काय बोलायचं याची. त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही. मी विचारलं, शिकारीला जाता का. ते म्हणाले, नाही, आता शेजारी जातो आणि मला आणून देतो. मग बहिणीने गवार हातात घेऊन ती कोवळी आहे का ते विचारलं, आणि ते तिला एकेक शेंग मोडून दाखवायला लागले, त्या आखडलेल्या बोटांनी. मी तिथे अजून मिनिटभर उभा राहिलो. ‘येतो, डॉक्टर,’ म्हणालो. त्यांनी वर न बघता मान हलवली, आणि मी गर्दीतून वाट काढत बाहेर आलो.